यूआयपाथच्या बॉटमधून काट्याची जुनी डीएलएल कॉल होत नाहीये, लेगसी प्रोजेक्टमध्ये चालायची

ऊसकाटा_आयटी

नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात आयटीला आहे. आमच्याकडे वजनकाट्यावर एक बॉट चालतो, यूआयपाथ या ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला, काम तसं साधं आहे, गाडी काट्यावर आली की इंडिकेटरवरचं, म्हणजे काट्याच्या डिस्प्लेवरचं, वजन घ्यायचं, काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटरने जी एन्ट्री केलीय तिच्याशी ताडून बघायचं आणि जुळलं की ऊस हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, कारण ते सॉफ्टवेअर फार जुनं आहे, त्याला एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅममधून थेट डेटा भरायची सोय) वगैरे काही नाही, स्क्रीनवर टाईप करूनच भरावं लागतं. इंडिकेटरला मागे दोन पोर्ट आहेत, एक काट्याच्या पीसीला जातो आणि दुसरा बॉटच्या पीसीला. वजन वाचायला इंडिकेटरवाल्यांनीच एक डीएलएल (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार फंक्शनांची फाईल) दिलीय, पोर्ट उघडा, वजन द्या, पोर्ट बंद करा अशी मोजकी फंक्शनं आहेत तिच्यात आणि पावती छापायचं एक.

मागच्या हंगामात सगळं नीट चाललं. यंदा प्रोजेक्ट यूआयपाथच्या विंडोज-लेगसी या जुन्या प्रकारातून विंडोज या नव्या प्रकारात कन्व्हर्ट केला आणि तेव्हापासून डीएलएलचं पहिलंच फंक्शन कॉल केलं की बॅड इमेज फॉरमॅटचं एक्सेप्शन येतंय. फाईल तीच, फोल्डर तोच, पीसी पण तोच. अॅडमिन म्हणून चालवून बघितलं, डीएलएल सिस्टीम३२ मध्ये टाकून बघितली, रेगएसव्हीआरने रजिस्टर करायला गेलो तर एन्ट्री पॉइंट सापडत नाही म्हणतो, म्हणजे फाईलच खराब झालीय की काय कळेना.

ज्या मुलाने आधी हे जोडून दिलं तो दुसरीकडे गेला, त्याचा सोर्स कुठेच सापडत नाही, फक्त त्याने बनवलेली एक रॅपर फाईल (बॉट आणि डीएलएलच्या मधली) आहे पॅकेजमध्ये. माझ्या हातात आहे ते कंपनीचं मॅन्युअल आणि त्यात व्हीबी६चं (जुन्या व्हिज्युअल बेसिकचं) सॅम्पल. गाळप तोंडावर आलंय, एकदा सुरू झालं की रात्रंदिवस गाड्या, आणि १४ दिवसांत एफआरपी जमा करायची म्हणजे पंधरवड्याचं बिल कुठेही अडकून चालत नाही. कुणी असं बाहेरच्या डीएलएलमधलं फंक्शन बॉटमधून कॉल केलं असेल तर नीट सांगा, मी व्हीबी डॉटनेट बऱ्यापैकी लिहितो पण सी वगैरे येत नाही.

डॉटनेट_सातारा

फाईल खराब नाहीये, निश्चिंत राहा. लेगसी प्रोजेक्ट डॉटनेट फ्रेमवर्क ४.६.१ वर चालायचे आणि त्यांची प्रोसेस ३२-बिट असायची. नवीन विंडोज प्रोजेक्ट डॉटनेट ६ आणि त्याच्या पुढच्या व्हर्जनवर चालतात, ते ६४-बिट. तुमची डीएलएल ३२-बिट आहे, आणि ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट डीएलएल लोड होतच नाही, विंडोजचा नियमच आहे तो, अॅडमिन केलं काय नि फोल्डर बदलला काय. पायथॉनवाल्यांना हाच प्रकार एरर १९३ म्हणून दिसतो. एकदा खात्री करून घ्यायची असेल तर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर डम्पबिन येतं त्यात हेडर बघा, एक्स८६ लिहिलेलं दिसेल.

रजिस्टर करायच्या भानगडीत पडू नका. रेगएसव्हीआर फक्त कॉमच्या (विंडोजच्या कंपोनेंट पद्धतीच्या) डीएलएलसाठी असतं, तुमची साधी सी ची डीएलएल आहे, तिच्यात रजिस्टर करायचं फंक्शनच नाही म्हणून तो मेसेज येतो. आणि सिस्टीम३२ मध्ये टाकलेली कॉपी आधी काढून टाका. त्या फोल्डरच्या नावावर जाऊ नका, ६४-बिट विंडोजवर सिस्टीम३२ मध्ये ६४-बिट फाईली असतात आणि ३२-बिटवाल्या सिसवाऊ६४ मध्ये, नावं उलटी वाटतात पण आहे हे असं आहे.

आता उपाय. कंपनीकडे ६४-बिट डीएलएल मागा, असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, आणि जुन्या इंडिकेटरसाठी बहुतेक नसतेच, तर मधे एक छोटी एक्सई (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) घाला. व्हीबी डॉटनेटमध्ये कन्सोल प्रोजेक्ट, प्लॅटफॉर्म टार्गेट एक्स८६, ती एक्सई डीएलएल लोड करेल, वजन वाचेल, एका ओळीत छापेल आणि बंद होईल. बॉट ती एक्सई चालवून ओळ वाचेल. बॉट ६४-बिट राहू दे नाहीतर उद्या अजून काही होऊ दे, काही फरक पडत नाही.

आणि हो, त्या मुलाची रॅपर फाईल डॉटनेटची असेल तर सोर्स गेला म्हणून बसू नका, आयएलस्पाय नावाचं फुकट टूल आहे त्यात उघडा, कोड जवळजवळ जसाच्या तसा वाचता येतो.

ऊसकाटा_आयटी

दादा, खूप आभार, एक्सईवाला मार्ग लागला. मॅन्युअलमधलं व्हीबी६चं सॅम्पल घेतलं, त्यातली डिक्लेअरची ओळ (डीएलएलमधलं फंक्शन काय घेतं, काय देतं ते सांगणारी) व्हीबी डॉटनेटने जशीच्या तशी घेतली, एक्स८६ केलं, डीएलएल पहिल्या फटक्यात लोड झाली, पोर्टही उघडतोय.

पण आता वजनाचा घोळ आहे. काही वेळा अगदी बरोबर येतं, इंडिकेटरवर जे दिसतंय तेच, आणि काही वेळा काहीच्या काही. इंडिकेटरवर २४,३८० किलो दिसत होतं आणि एक्सईने छापलं ४,२९,४९,९१,६७६. दुसऱ्या गाडीला १८,६४० होतं तर छापलं ३०,०६,४७,८९,७१२. केबल बदलून बघितली, अर्थिंग बघितलं, इंडिकेटरचा डिस्प्ले मात्र एकदम स्थिर आहे. नॉईज असेल का लाईनवर?

दुसरं म्हणजे पावतीच्या फंक्शनला शेतकऱ्याचं नाव मराठीत पाठवलं की कागदावर नुसती प्रश्नचिन्हं छापली जातायत, इंग्रजीत पाठवलं तर बरोबर येतं.

जुना_सी_वाला

नॉईज नाही. कॅल्क्युलेटर घ्या आणि पहिल्या आकड्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा करा. २४,३८० उरतात बरोब्बर. हा जो वजा केला तो आकडा म्हणजे २ चा ३२ वा घात. दुसऱ्यातून हाच सात वेळा वजा करा, १८,६४० उरतील. म्हणजे तुमचं खरं वजन दोन्ही वेळा आलेलंच आहे, त्याच्या डोक्यावर कचरा बसलाय.

कारण सांगतो, हे नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या लायब्ररीचं फंक्शन कॉल करताना सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. व्हीबी६ मध्ये लाँग म्हणजे ३२ बिट. व्हीबी डॉटनेटमध्ये लाँग म्हणजे ६४ बिट. सॅम्पलमधली ओळ जशीच्या तशी कम्पाईल झाली कारण डिक्लेअरचं वाक्य दोन्हीकडे सारखंच आहे, पण अर्थ बदलला. डीएलएलमधलं फंक्शन ३२ बिटांचा आकडा परत देतं, ३२-बिट प्रोसेसमध्ये तो प्रोसेसरच्या ईएएक्स रजिस्टरमध्ये ठेवला जातो. तुम्ही डॉटनेटला सांगितलंत की ६४ बिट येणारेत, मग तो ईएएक्स वाचतो आणि वरचे ३२ बिट ईडीएक्समधून उचलतो. ईडीएक्समध्ये त्या फंक्शनने काही ठेवलेलंच नसतं, आधीच्या कुठल्यातरी कामाचा उरलेला आकडा पडलेला असतो. तिथे शून्य असेल तर वजन बरोबर, १ असेल तर पहिल्यासारखं, ७ असेल तर दुसऱ्यासारखं.

उपाय एका शब्दाचा आहे, लाँगच्या जागी इंटिजर लिहा. सॅम्पलमध्ये जिथे इंटिजर असेल तिथे शॉर्ट लिहा, कारण व्हीबी६चा इंटिजर १६ बिटचा होता. सगळ्या फंक्शनांच्या सगळ्या ओळी तपासा, नुसती वजनाची नको. एखाद्या फंक्शनला बॉड रेट (पोर्टचा वेग) पाठवत असाल आणि तो पण लाँग असेल तर स्टॅकवर चारच्या जागी आठ बाइट जातात, मग प्रोसेस कधी उडेल याचा नेम नाही.

कम्पायलर इथे तुम्हाला काहीच मदत करत नाही हे लक्षात ठेवा. डॉटनेटच्या आतल्या फंक्शनला चुकीचा टाईप दिलात तर लाल रेघ येते. सी च्या डीएलएलमध्ये फक्त फंक्शनचं नाव असतं, ते काय घेतं, काय देतं याची माहिती फाईलमध्ये नसते, तुम्ही जे लिहाल त्यावर विश्वास ठेवून कॉल होतो. म्हणून जे फंक्शन क्रॅश होतं त्याची मला भीती वाटत नाही, ते निदान समोर तरी दिसतं. आकडा देतं आणि तो आकडा चुकीचा असतो, ते फंक्शन वाईट. आज तुमचा कचरा अब्जात होता म्हणून डोळ्यात भरला. वजन १६ बिटांत देणारं फंक्शन असतं आणि तुम्ही ३२ बिट लिहिले असते तर दिसायला बऱ्यापैकी खरा वाटणारा आकडाही आला असता, आणि तो थेट एखाद्याच्या पावतीवर गेला असता. आपल्याकडे काटामारीवरून शेतकऱ्यांच्या मनात आधीच किती राग आहे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेव्हा एक्सईमध्येच अट घाला, वजन काट्याच्या क्षमतेपेक्षा जास्त किंवा शून्यापेक्षा कमी आलं की आकडा छापायचाच नाही, एरर कोड देऊन बाहेर पडायचं, आणि बॉटने अशा वेळी अंदाजाने काही न भरता ऑपरेटरला थांबवायचं.

मराठी नावाचं वेगळं आहे. तुमच्या डिक्लेअरमध्ये काही लिहिलं नसेल तर व्हीबी स्ट्रिंग एएनएसआय करून पाठवतो, म्हणजे पीसीच्या जुन्या कोड पेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात). इंग्रजी विंडोजवर ते असतं १२५२, त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही, प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह. सिस्टीम लोकेल मराठी करून पण सुटत नाही कारण मराठीसाठी विंडोजमध्ये असं एएनएसआय कोड पेज कधी दिलेलंच नाही. यूटीएफ-८ करून बाइट पाठवता येतील पण पुढे तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ते बाइट ओळखणार नाही. पावती त्या डीएलएलमधून छापायचा नाद सोडा, डॉटनेटच्या प्रिंट डॉक्युमेंटमधून विंडोजच्या ड्रायव्हरला पाठवा, अक्षरं चित्र म्हणून जातात, जोडाक्षरं वेलांट्या सगळं बरोबर येतं. थोडं सावकाश छापेल, तेवढं चालवून घ्या.

पायथॉन_पुणे

वरचं सगळं पायथॉनमधून सीटाईप्स (डीएलएल कॉल करायचं मॉड्यूल) वापरणाऱ्यांनाही लागू आहे, फक्त उलट बाजूने. तिथे तुम्ही रिटर्न टाईप सांगितला नाहीत तर तो ३२-बिट इंट धरतो. फंक्शन डबल देत असेल तर तद्दन चुकीचा आकडा, आणि ६४-बिटमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत असेल तर अर्धा कापलेला पॉइंटर, पुढच्याच ओळीला प्रोसेस खलास. आरग टाईप्स आणि रेस टाईप दोन्ही प्रत्येक फंक्शनला लिहायचेच, आळस नको. अजून एक, पायथॉन ३.८ पासून डीएलएल ज्या इतर डीएलएलवर अवलंबून असते त्या पाथमध्ये शोधल्या जात नाहीत, फोल्डर वेगळा सांगावा लागतो, त्यामुळे जुने बॉट व्हर्जन बदललं की अचानक मॉड्यूल सापडत नाही म्हणतात.

सिरीयल_पोर्ट_सोलापूर

मला एक प्रश्न पडलाय, डीएलएल हवीच कशाला? इंडिकेटर आरएस-२३२ या सिरीयल पोर्टवर वजनाची ओळ सतत पाठवत असतो, डीएलएल आत तीच वाचते. डॉटनेटमध्ये सिरीयल पोर्टचा क्लास आहेच, नवीन डॉटनेटला त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं एवढंच. पोर्ट उघडा, ओळ वाचा, आकडा काढा. ३२-बिट नाही, ६४-बिट नाही, लाँग नाही, इंटिजर नाही. मी काट्यांचीच कामं करतो, कंपन्यांच्या डीएलएल फार भरवशाच्या नसतात, केबल निघाली की काही डीएलएल स्वतःच मेसेज बॉक्स दाखवतात आणि कुणीतरी ओके दाबेपर्यंत बॉट तसाच लटकलेला. रात्री तीनला कोण येणार ओके दाबायला.

आणि थेट वाचण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. बऱ्याच इंडिकेटरच्या ओळीत आकड्याच्या आधी स्थिती येते, एसटी म्हणजे वजन स्थिर, यूएस म्हणजे अजून हलतंय. ट्रॉली काट्यावर चढली की ऊस हलत असतो, ड्रायव्हर उतरत असतो, आकडा वरखाली होत राहतो. तुमच्या डीएलएलचं वजनाचं फंक्शन नुसता आकडा देतंय, तो स्थिर असतानाचा की हलत असतानाचा हे तुम्हाला कसं कळणार?

डॉटनेट_सातारा

सोलापूरकर, स्थिर वजनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो माझ्याकडून राहून गेला होता. पण डीएलएल टाकून द्या हे मला पटत नाही, निदान आत्ता तरी. प्रत्येक मॉडेलची ओळ वेगळी, कुठे सम पॅरिटी, कुठे सात बिट, कुठे आकडा उलटा येतो, आणि यांचं गाळप तोंडावर आहे. चालणारी डीएलएल हातात आहे तर हंगाम तिच्यावर काढा, मॅन्युअलमध्ये स्टेटसचं वेगळं फंक्शन आहे का ते आधी बघा, बहुतेक असतं. ओळ वाचायचं काम हंगाम संपल्यावर शांतपणे करा.

तुम्ही जे मेसेज बॉक्सचं म्हणताय त्याचं उत्तर पण एक्सईच आहे. डीएलएल बॉटच्या प्रोसेसमध्ये असेल तर ती लटकली की बॉट लटकतो, तिने मेमरी बिघडवली की बॉट मरतो, डॉटनेटचा ट्राय-कॅच अॅक्सेस व्हायोलेशन पकडत नाही. वेगळी एक्सई असेल तर बॉट दहा सेकंद थांबेल, उत्तर नाही आलं तर एक्सई मारून टाकेल आणि एरर नोंदवून पुढे जाईल. एवढं मात्र करा, यूआयपाथच्या इनव्होक कोडमधून प्रोसेस चालवताना आउटपुट रीडायरेक्ट करता ना, तेव्हा आउटपुट आणि एरर दोन्ही स्ट्रीम असिंक वाचायला लावा आणि मग वेट फॉर एक्झिटला वेळेची मर्यादा द्या. आधी वेट आणि मग रीड असं केलं आणि आउटपुट जास्त असलं की बफर भरतो, एक्सई बॉटची वाट बघते, बॉट एक्सईची, दोघंही जागच्या जागी.

अजून एक, तुम्ही दर गाडीला एक्सई चालवून पोर्ट उघडणार आणि बंद करणार, एक्सई मधेच मारली गेली तरी विंडोज पोर्ट सोडवतं, पण दोन एक्सई एकाच वेळी चालू राहिल्या तर दुसरीला पोर्ट मिळणार नाही, कॉम (सिरीयल) पोर्ट एका वेळी एकाच प्रोसेसला मिळतो. तेव्हा एक्सईच्या सुरुवातीला म्युटेक्स (एका वेळी एकीलाच पुढे जाऊ देणारं कुलूप) घ्या.

आरपीए_हिंजवडी

यूआयपाथच्या बाजूने थोडी भर. कुणाकडे ६४-बिट डीएलएल असेल तर एक्सई न करता थेट कॉल करता येतं. व्हीबीच्या इनव्होक कोडमध्ये डिक्लेअर लिहिता येत नाही कारण तो कोड एका फंक्शनच्या पोटात जातो, तिथे नवीन डिक्लेअर चालत नाही. आवृत्ती २०२३.१० पासून कोडेड सोर्स फाईल आलीय, तिच्यात सी शार्पचा साधा क्लास लिहून डीएलएल इम्पोर्ट टाकता येतो. नाहीतर क्लास लायब्ररी करून न्यूगेट पॅकेज बनवा, लायब्ररी त्याच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा, पॅकेजची फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तो मॅनेज पॅकेजेसमध्ये सोर्स म्हणून जोडा, इम्पोर्ट्समध्ये नेमस्पेस दिसेल आणि इनव्होक मेथडमधून कॉल करा. फंक्शन शेअर्ड असेल तर टार्गेट टाईप द्यायचा, टार्गेट ऑब्जेक्ट रिकामा ठेवायचा, दोन्ही भरले की गोंधळ होतो.

स्टुडिओतून चालतं आणि ऑर्केस्ट्रेटरवरून (बॉट दुरून चालवणाऱ्या सर्व्हरवरून) पाठवलं की डीएलएल नॉट फाउंड येतं ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. अनअटेंडेड (माणूस समोर नसताना चालणाऱ्या) रोबोटचा युजर वेगळा, त्याचं पॅकेज फोल्डर वेगळं, चालू फोल्डर वेगळं. नेटिव्ह डीएलएलचा पूर्ण पाथ देऊन नेटिव्ह लायब्ररी लोड करा, शोधायचं काम विंडोजवर सोडू नका. आणि फाईल डोळ्यासमोर असूनही नॉट फाउंड म्हणत असेल तर ती डीएलएल दुसऱ्या कुठल्या डीएलएलवर अवलंबून असते ती नसते, बहुतेक वेळा व्हिज्युअल सी प्लस प्लसचं जुनं रीडिस्ट्रिब्युटेबल. ते टाकताना ३२-बिट डीएलएलला ३२-बिटचंच टाका.

ऊसकाटा_आयटी

लाँगचं इंटिजर केलं, सकाळपासून केनयार्डातल्या रिकाम्या गाड्या काट्यावर घालून बघतोय, प्रत्येक आकडा इंडिकेटरशी जुळतोय. त्या मुलाची रॅपर फाईल आयएलस्पायमध्ये उघडली, त्याने पण सगळीकडे इंटिजर आणि शॉर्टच लिहिलंय. काट्याची क्षमता ६० टन आहे, ती अट एक्सईमध्ये घातली, म्युटेक्स घातलं, पावती प्रिंट डॉक्युमेंटमधून काढली, ज्ञानेश्वर हे नाव पहिल्यांदाच पूर्ण छापलं गेलं.

स्टेटसचं फंक्शन आहे मॅन्युअलमध्ये, शेवटच्या पानावर, १ आलं तर स्थिर आणि ० आलं तर हलतंय. पण स्टेटस विचारून मग वजन विचारलं तर मधल्या वेळात वजन हललं तर?

सिरीयल_पोर्ट_सोलापूर

बरोबर शंका आहे. स्टेटस, वजन, पुन्हा स्टेटस असं विचारा, दोन्ही वेळा १ आलं तरच वजन धरा. आणि असं अर्ध्या अर्ध्या सेकंदाने सलग तीनदा तेच वजन आलं की मग छापा. काट्याचा विभाग, म्हणजे आकडा ज्या टप्प्याने बदलतो तो, जितक्या किलोचा आहे, बहुतेक ५ किंवा १० किलो असेल, तेवढाही फरक तीन वाचनांत चालवून घ्यायचा नाही, फरक आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गाडी काट्यावर तशीही मिनिटभर उभी असते, बॉटला घाई नाहीये.

गाळपाच्या पहिल्या दिवशी लॉगमध्ये कच्चे आकडे पण लिहून ठेवा, वेळेसकट, नुसतं शेवटचं वजन नको. एखाद्या शेतकऱ्याने पावतीवर शंका घेतली तर त्याला तिथल्या तिथे उघडून दाखवता येईल.